चार बोटं उघडी काच

बाईंची पांढरी व्हॅन हायवेवरून आमच्याकडे वळताना दिसली की दत्ता हातातलं काम टाकून आधी नळावर जायचा. कारण बाई उतरल्या की पहिल्यांदा त्याचे हात बघायच्या, उलटे आणि सुलटे. "या हातांनी तुम्ही माझं स्टिअरिंग धरणार होता?" असं त्यांनी एकदा अगदी शांतपणे विचारलं होतं. दत्ता म्हणजे माझ्या गॅरेजातला सगळ्यात जुना मिस्त्री. पन्नाशीचा, दोन मुली उजवलेला, गावात ज्याला चार माणसं सल्ला विचारतात असा. पण बाईंपुढे हात पसरून उभा राहायचा. मला हसू यायचं. मग बाई माझ्याकडे बघायच्या आणि मीही मुकाट्यानं नळावर जायचो.

माझं गॅरेज कामथडीत, सर्व्हिस रोडला लागून. बावीस वर्षं चालवतोय. हातात गुण आहे असं लोक म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत आलंय. हायवेला बंद पडलेल्या पुण्या-साताऱ्याच्या गाड्या येतात, नसरापूर-वेल्ह्याकडचे दुधाचे टेम्पो येतात, आणि जाताना बहुतेक जण दोन शब्द गोड बोलून जातात. एकदाही खूश होऊन न गेलेलं गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे बाई. आणि आज मी सगळ्यात जास्त आठवण काढतो तीही त्यांचीच.

बाई भोरच्या. नोकरी सगळी वेल्ह्याकडच्या डोंगरात झाली, आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून. लशीची पेटी खांद्याला लावून त्यांनी वाड्या-वस्त्या पायी पालथ्या घातल्या. निवृत्त झाल्यावर एक जुनी व्हॅन घेतली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या. कुठं, तर भात काढून झालेल्या एका वावरात. शिकवणारा ट्रॅक्टरवाला सांगायचा की बाईंनी पहिल्या दिवशी तीन बांध फोडले आणि संध्याकाळी स्वतः खोरं घेऊन तिन्ही नीट केले. मी एकदा विचारलं, "बाई, या वयात कशाला हा व्याप?" तर म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी दुसऱ्याच्या गाडीची वाट बघितली. कधी ड्रायव्हर जेवायला गेलेला, कधी डिझेल संपलेलं. आता नाही बघायची."

गाडीचं काम एकच. भोरला बाळंत झालेल्या बायकांना बाळासकट त्यांच्या गावी नेऊन सोडायचं. दवाखान्यात नेताना सगळं घर धावतं, बाई म्हणायच्या, पण परतीला तीच पोरगी चार दिवसांचं बाळ घेऊन एसटीच्या दांड्याला धरून उभी असते. सरकारी गाडी होती, पण ती वेळेवर मिळाली तर मिळाली. बाईंनी व्हॅनमधलं मागचं बाक काढून तिथं गादी टाकली होती. आणि ड्रायव्हरच्या सीटमागे एक दांडी बसवून तिच्यावर जाड सोलापुरी चादर सोडली होती, म्हणजे पोरीला मागे निवांत बाळाला पाजता यावं. दुसरं कारण वाऱ्याचं. आमच्याकडे बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत. कानाला फडकं, पायात मोजे, आणि गाडीच्या काचा गच्च बंद. बाईंची स्वतःची काच मात्र कायम उघडी. इंडिकेटर असूनही त्या वळताना हात बाहेर काढून दाखवायच्या, कारण लायसन्सच्या परीक्षेला तसं सांगितलं होतं. इंडिकेटरचा बल्ब गेला तर कळत नाही, हात गेला तर कळतं, असं त्यांचं म्हणणं.

बहुतेक गिऱ्हाईक येतं ते रोगाचं नाव घेऊनच. 'क्लच प्लेट गेलीय.' 'बेअरिंग वाजतंय.' 'मोबाईलवर बघितलं, सेन्सर असणार.' बाईंचं उलटं. त्या फक्त लक्षणं सांगायच्या. "तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना कण्हते. सकाळी नाही, दुपारी. डाव्या वळणाला जास्त." मी विचारायचो, "म्हंजी गिअरबॉक्स खोलू का?" तर म्हणायच्या, "ते मी कसं सांगू? मी नर्स. लक्षणं मी सांगायची, रोग तुम्ही ओळखायचा." आणि हे सगळं लिहून आणायच्या. कागद दवाखान्यातल्या केसपेपरासारखा आखलेला. वर गाडीचा नंबर, खाली तक्रार, तपासणी, उपाय. तपासणी आणि उपाय आम्ही आमच्या हातानं लिहायचे आणि खाली सही ठोकायची. माझं अक्षर बघून एकदा म्हणाल्या, "डॉक्टर व्हायला हरकत नव्हती तुम्ही."

"होईल बाई, होईल," असं म्हणायची मला सवय. ते त्यांना अजिबात खपायचं नाही. "होईल म्हणजे मंगळवारी की बुधवारी?" मी बुधवार म्हणालो की बुधवारी सकाळी नऊला बाई गॅरेजच्या बाकावर हजर. काम संपेपर्यंत चहा घ्यायच्या नाहीत. पेशंट आत असताना आपण चहा पीत बसायचं का, असा प्रश्न. त्यामुळे आम्हालाही चहा घ्यायची चोरी.

हँडब्रेकची गोष्ट तर अजून नसरापूरच्या बाजारात सांगतात. हँडब्रेक दुरुस्त करून दिला तेव्हा बाईंनी गाडी आमच्या समोरच्या चढावर नेऊन लावली, हँडब्रेक ओढला, खाली उतरल्या आणि स्वतःचा जेवणाचा स्टीलचा डबा मागच्या चाकाला टेकवून ठेवला. मग घड्याळ बघत उभ्या राहिल्या. सातव्या मिनिटाला गाडी वीतभर मागे आली आणि डबा चेपला. आत पोळी आणि मेथीची भाजी. बाईंनी चेपलेला डबा उचलून घेतला. हँडब्रेक आम्ही पुन्हा केला, पण डबा त्यांनी कधी बदलला नाही. काम संपलं की आमच्याच बाकावर बसून त्याच डब्यात जेवायच्या. झाकण लागायचं नाही म्हणून वरून रुमाल बांधायच्या. एखाद्या नव्या गिऱ्हाइकानं विचारलं, "डब्याला काय झालं ओ बाई?" की चावत चावत माझ्याकडे बोट दाखवायच्या. बाई येत होत्या तोवर मी ते बोट सहन केलं.

काम पसंत पडलं तर शब्द एकच, "ठीक." तो मला चार वर्षांत पाचेक वेळा मिळाला असेल. दत्ताला एकदा मिळाला तर त्या आनंदात त्यानं सगळ्या गॅरेजला वडापाव चारला.

असं असूनही मी त्यांना टाळायचो, हे कबूल केलं पाहिजे. गाडी वळताना दिसली की गाड्या खालून बघायच्या खड्ड्यात उतरायचो आणि दत्ताला म्हणायचो, "सांग, मालक खाली हाय." बाई खड्ड्याच्या काठावर येऊन वाकून म्हणायच्या, "असू द्या. मी थांबते."

आता मुख्य गोष्ट. वेल्ह्याकडचे रस्ते आता बरे झालेत, पण वस्त्यांवर आत शिरलं की अजून दगडधोंडेच. तिकडच्या गाड्यांचा सायलेन्सर मागे आपटतो, वाकतो, गळून पडतो. त्यावर आमच्या भागातल्या सगळ्या मिस्त्र्यांचा एक उपाय आहे. सायलेन्सरचं मागचं टोक हातभर कापून टाकायचं. आपटायला काही उरतच नाही. दुधाच्या टेम्पोला, भाजीच्या गाडीला मी असे किती कापले याचा हिशेब नाही, आणि कुणाची कधी तक्रार आली नाही. बाईंची व्हॅन सायलेन्सर वाकवून आली तेव्हा मी तेच केलं. बाईंनी सांगितलंही नव्हतं. उलट मीच मोठेपणानं म्हणालो, "आता आपटायचं नाव न्हाई, बाई." बाईंनी कागदावर लिहायला लावलं, 'टोक कापले.' मी लिहिलं आणि सही केली.

त्यानंतर महिन्याभरानं बाई आल्या त्या नवा कागद घेऊन. तक्रार एका ओळीची होती. 'मागे झोपलेल्या बाळंतिणीला गुदमरले, उलटी झाली, बाळ मलूल पडले.'

आणि त्या दिवशी पहिल्यांदा बाईंनी गाडीत बसवलेल्या एखाद्या पोरीबद्दल काही सांगितलं. गुंजवण्याकडच्या वस्तीवरची मनीषा नावाची पोरगी. पहिलं बाळंतपण. बाई तिला घरी सोडायला निघाल्या, सासू पुढे बाईंच्या शेजारी, पोरगी मागे बाळाला घेऊन आडवी, मध्ये चादर, काचा बंद. मार्गासनीहून आत वळल्यावर पोरीचा जीव घाबरा झाला. तिनं हळूच मागची काच चार बोटं सरकवली. घरी पोचेपर्यंत तिला दोनदा उलटी झाली होती आणि बाळ हाक मारूनही डोळे उघडेना. बाईंनी गाडी तशीच वळवून दोघांना परत भोरला नेलं. दोन दिवसांनी दोघं बरी होऊन घरी आली, कशानं झालं ते मात्र डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण काच उघडी होती हे सासूनं बघितलं होतं. सगळ्या वस्तीनं ठरवून टाकलं की पोरीनं काच उघडली, वारं लागलं, आणि लेकरू मरता मरता वाचलं.

"आता बाळ सासूजवळ असतं," बाई म्हणाल्या. "पाजायला तेवढं हातात देतात, पोट भरलं की काढून घेतात. तिच्या हाती लेकरू धड राहायचं नाही म्हणे. ती पोरगी सांगते, आधी गुदमरलं, मग काच उघडली. सासू म्हणते, काच उघडली म्हणून झालं. दोघींपैकी खरी कोण, ते तुम्ही गाडी बघून सांगायचं."

मी आणि दत्तानं गाडी बघितली. मनापासून बघितली, हे मी आजही सांगेन. खालून बघितली, वरून बघितली, कापूरहोळपर्यंत ट्रायल मारली. काहीच नाही. मी कागदावर लिहिलं, 'दोष आढळला नाही.' बाईंनी कागद घेतला, वाचला, घडी केली. "ठीक" म्हणाल्या नाहीत.

आठवड्यानं परत आल्या. तोच कागद, तीच तक्रार. मी परत गाडी बघितली, आणि या वेळी थोडा चिडलो. एक तर रांगेत सहा गाड्या उभ्या, आणि ही व्हॅन म्हातारीच्या शंकेपायी दुसऱ्यांदा खड्ड्यावर. मी म्हणालो, "बाई, गाडीत काय बी न्हाई. पोरीला गाडी लागली आसंल. नवीन बाळंतीण, अशक्त."

"चार दिवसांच्या बाळालाही गाडी लागली?" बाईंनी विचारलं.

मी आणखी चिडलो. म्हणालो, "माझ्यावर भरवसा नसंल तर दुसरीकडं दावा."

"दुसरीकडे कशाला?" त्या म्हणाल्या. "हात तुमचा लागलाय गाडीला. सांगायचंही तुम्हीच."

मधल्या दिवसांत मनीषाचा नवरा आला. तो दुधाचा टेम्पो चालवतो, आमचंच गिऱ्हाईक. हवा भरता भरता त्यानं मान खाली घालून विचारलं, "मामा, नर्सबाईंच्या गाडीत काय बिघाड हुता का?" त्याच्या विचारण्यातच दिसत होतं की त्याला 'होता' असं ऐकायचंय. मी मात्र माझ्या गॅरेजचं नाव सांभाळत होतो. म्हणालो, "गाडी एकदम ओके हाय. दोनदा बघितली म्या सोता." तो हवेचे पैसे देऊन निघून गेला.

तिसऱ्यांदा बाई आल्या तेव्हा कागद पुढे केला नाही. बाकावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "तुमचं वाक्य गुंजवण्याला पोचलं. गॅरेजवाला म्हणाला गाडी ओके आहे. आता तिचा नवराही तिच्याशी बोलत नाही."

हातातला पाना मी खाली ठेवला. मी गाडीबद्दल बोललो होतो, माझ्या मनात त्या पोरीचा विचारही नव्हता. पण तिथं माझं बोलणं तिच्याविरुद्धची साक्ष म्हणून उभं राहिलं होतं, आणि मी काय बोललो हे मला तोवर कळलंच नव्हतं. बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. महिना झाला, त्या व्हॅनमध्ये त्यांनी एकही बाळंतीण बसवली नव्हती, भोरच्या घरासमोर ती नुसती उभी होती, हेही मला दत्ताकडून कळलं. त्यांनी सांगितलं नव्हतं.

"मला एक सांगा," बाई म्हणाल्या, "तुम्ही ट्रायल कशी घेता?"

दत्तानं हौसेनं सांगितलं. "आदी ती चादर काढून नीट घडी करून फळीवर ठिवतो बाई, तेलाचा हात लागाय नको म्हणून. मंग काचा खाली घेतो, उकडतं लई. मालक चालवत्यात, मी शेजारी. हायवेनं कापूरहोळ आन परत."

बाईंनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे पेशंट तुम्ही तपासलाच नाही." आणि माझ्याकडे वळून, "चला, झोपा मागे."

मी नव्वद किलोचा माणूस. भर दुपारी, सर्व्हिस रोडवर, चार गिऱ्हाइकांसमोर मला त्या गादीवर आडवं व्हायला लावलं. वर म्हणाल्या, "कान बांधा." माझ्याच गळ्यातलं उपरणं काढून त्यांनी माझ्या कानांवरून घट्ट बांधलं, हनुवटीखाली गाठ मारली. चादर दांडीवर सोडली, काचा बंद केल्या. दत्ता पुढे बसला. बाहेर कुणीतरी म्हणालं, "मालकाला कळा सुरू झाल्या काय?" आणि सगळं गॅरेज हसलं. मीही हसलो.

नसरापूरवरून गाडी वेल्ह्याच्या रस्त्याला लागली. बाई चालवतात म्हणजे कशी, तर तिसऱ्या गिअरच्या वर नाही. म्हैस दिसली की थांबायचं, म्हैस विचार करून बाजूला होईपर्यंत. आंबवण्यापर्यंत मला मजा वाटत होती. मार्गासनीहून आत वळल्यावर चढाला बाईंनी दुसरा टाकला, गाडी हळू हळू घुमत चालली, आणि मला डोक्यात जड जड वाटायला लागलं. आधी वाटलं ऊन. मग घशाशी मळमळायला लागलं. वास म्हणावा तर फार नाही, जळक्या पेट्रोलचा अगदी बारीकसा, गादीच्या कडेनं येणारा. चादरीपलीकडे दत्ता बाईंशी भाताच्या रोपांबद्दल बोलत होता, त्याला काहीच कळत नव्हतं. मला हाक मारायची होती, पण सुस्ती आली होती. आणि माझा हात, मी न ठरवताच, डोक्याजवळच्या काचेकडे गेला. मी ती सरकवली, तोंड फटीला लावलं आणि श्वास घेतला.

तेव्हा मला ती पोरगी समजली. तिच्या कुशीत बाळ होतं, पुढे सासू बसलेली होती, काच उघडायची नाही हे तिला जन्मल्यापासून माहीत होतं, आणि तरीही तिनं उघडली.

मी चादर ओढली. "थांबवा बाई."

खाली उतरून मी रस्त्याच्या कडेला ओकलो. उपरणं कानाला तसंच बांधलेलं. मग गाडीखाली शिरलो आणि पाच मिनिटांत सगळं दिसलं. मी कापलेलं सायलेन्सरचं तोंड आता गाडीच्या मागे न निघता गादीच्या बरोबर खाली उघडत होतं. त्याच्या वर पत्र्याला अंगठ्याएवढं भोक, त्यातलं रबर गळून पडलेलं. हायवेला वेगात धूर मागे उडून जायचा. चढाला, हळू गाडीत, तो वर चढून आत साठायचा. आणि आत चादरीनं, बंद काचांनी गच्च खोली करून ठेवलेली. दुधाच्या कॅनला काय होणार होतं? ज्या गाडीत मागे माणूस झोपतं, त्या गाडीचं टोक मी दुधाच्या गाडीसारखं कापलं होतं.

मी रस्त्यावरच बसलो. म्हणालो, "बाई, हे म्या केलंय."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांनी पाण्याची बाटली दिली.

"तुमाला म्हाईत हुतं?"

"शंका होती. टोक कापल्यानंतर झालं, एवढं कागदावर दिसत होतं. पण नुसती शंका घेऊन कुणाच्या दारात जाता येत नाही. मी जाऊन बघितलं. तिची सासू म्हणाली, तुम्ही तिचीच बाजू घेणार, आणि गाडीतलं तुम्हाला काय कळतं."

माझा मूळ स्वभाव असा की चूक झाली की पटकन काहीतरी देऊन मोकळं व्हायचं. मी म्हणालो, नवा सायलेन्सर घालतो, खालचा पत्रा नवीन मारतो, एक पैसा घेणार नाही. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते तर तुम्ही करालच. त्यासाठी मी तीन खेपा घातल्या नाहीत. आता इथून गुंजवणं सहा-सात किलोमीटर आहे. काचा उघड्या ठेवू, तुम्ही पुढे बसा."

मी जागचा हललो नाही. गाडीखाली शिरून काहीही करायला मी तयार होतो, पण परक्याच्या घरात, ओसरीवर बसून, ही माझी चूक, असं तोंडानं म्हणायचं? बावीस वर्षांत मी ते कधी कुणाला म्हटलं नव्हतं. पार्ट खराब लागला, पेट्रोल भेसळीचं होतं, रस्ताच वाईट, अशी शंभर कारणं मिस्त्र्याच्या खिशात असतात. बाईंनी मला एकही शब्द शिकवला नाही. रस्ताभर फक्त वळणाला हात दाखवत राहिल्या.

वस्ती तिथल्या धरणामुळे वर सरकलेली, पाण्याच्या वरच्या अंगाला. घर स्वच्छ, सारवलेलं. सासू ओसरीवर बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. साठीची, वाळकी, डोळ्यांखाली जागरणाच्या रेघा. मी मनात तिला मोठी खाष्ट ठरवून आलो होतो. पण बाळाच्या पायातला मोजा निसटला तो तिनं ज्या घाईनं सारखा केला, ते बघून कळलं की ही बाई महिनाभर भीतीनं झोपलेली नाही. मनीषा दाराआड उभी होती. वीस-एकवीसची असेल. तिनं मला बघितलं आणि मान खाली घातली. गाडी ओके म्हणणारा तो हाच, हे तिला कळलं असावं.

बाई म्हणाल्या, "हे गॅरेजवाले. यांना बोलायचंय." आणि ओसरीच्या कडेला बसल्या.

मी म्हणालो, "मावशी, गाडीत बिघाड हुता. तो म्या केलता." एवढं बोललो आणि पुढचं आपोआप आलं. सायलेन्सर, भोक, धूर, सगळं सांगितलं. मला स्वतःला रस्त्यात काय झालं तेही सांगितलं. "तुमच्या सुनंला वारं लागलं न्हाई, मावशी. धूर लागला. ती आदी गुदमरली, मंग तिनं काच उघडली. ती खरं बोलती. म्या तुमच्या पोराला गाडी ओके हाय म्हणलो, ते चूक हुतं. म्या नीट बघितलीच नव्हती."

सासूनं बाळ आणखी जवळ ओढलं. बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आन तिनं काच उघडलीच नसती तर?"

मी बाईंकडे बघितलं. वाटलं, हे तरी त्या सांगतील. बाई म्हणाल्या, "सांगा ना. तुम्हाला विचारलंय."

"तर मावशी," मी म्हणालो, "दोघंबी घरापत्तोर पोचली नसती."

दाराआड मनीषानं तोंडाला पदर लावला. सासूनं बाळाचं पांघरूण सारखं केलं. मग हळू आवाजात, कुणालाच नाही असं, म्हणाली, "माझं पयलं असंच गेलं. आठ दिसाचं हुतं. दार उघडं टाकून म्या पाण्याला गेलते. वारं लागलं म्हणली सासू. जलमभर बोलली मला. कशानं गेलं त्ये कुनी बघितलंच न्हाई."

बाई उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मी आणखी काही बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं. "पुरे," म्हणाल्या. "आता नका बोलू."

हे सगळं आज लिहितोय कारण बाईंनी गाडी चालवणं गेल्या वर्षी सोडलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी नको म्हटलं. व्हॅन आता दुसरी एक निवृत्त नर्स चालवते आणि ती फार गोड स्वभावाची आहे, काहीही केलं तरी छान झालं म्हणते. मी आता कुणाच्याही सायलेन्सरचं टोक कापत नाही. आणि कुठलीही गाडी आली तरी आधी विचारतो, मागे कोण बसतं. लोकांना वाटतं मालकाचं वय झालं. माझ्या कामाला नावं ठेवणारी माणसं पुष्कळ भेटली, पण ती सगळी स्वतःसाठी भांडायची. बाई चार वर्षं माझ्याशी भांडल्या आणि त्यात एकदाही त्यांचं स्वतःचं काही नव्हतं. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला चुकवायला मी खड्ड्यात लपायचो, याची मला लाज वाटते.

त्या दिवशी गुंजवण्याला आम्ही आणखी थोडा वेळ बसलो. चहा झाला. सासूनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात आत हाक मारली, "मनीषा, हिकडं यं." ती आली, उभी राहिली. सासूनं बाळ उचलून तिच्या हातात दिलं. "धर. मला चुलीवर भात ठिवायचाय."

मनीषा भिंतीला टेकून खाली बसली आणि सवयीनं पदर सारखा करून बाळाला छातीशी घ्यायला लागली. बाळानं तोंड फिरवलं. नुकतंच पाजून झालं होतं, त्याला भूक नव्हती. तिनं गोंधळून सासूकडे बघितलं, बाळ परत घ्यायला ती हात पुढे करेल म्हणून. पण सासू आत गेली होती, भांड्यांचा आवाज येत होता. मग मनीषा बाळाला नुसतीच मांडीवर घेऊन बसली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सावकाश बघायला लागली.